अडीच फेऱ्यांचं खूळ

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या मालकांचा घोळका कुठेही भेटला तरी गप्पांचा क्रम ठरलेला असतो. आधी गंज. मग कार्ब्युरेटर. मग सुटे भाग किती महाग झालेत याबद्दल सामूहिक रडगाणं. आणि एवढं आटपलं की कोणीतरी हमखास विचारतो, "काय रे, क्विक रॅक टाकलास की नाही अजून?" आपल्याकडे नात्यातल्या काकू ज्या सुरात "यंदा कर्तव्य आहे का?" विचारतात ना, अगदी तोच सूर. टाकायचाय हे गृहीतच, प्रश्न फक्त मुहूर्ताचा.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं इंग्लंडात आहे. सोमवार ते शुक्रवार कोड पाडायचा आणि शनिवारी कोणाच्या तरी गाडीखाली पाठ टेकून ग्रीस अंगावर घ्यायचं, असा एकूण दिनक्रम. स्वतःची जुनी गाडी नाही (गॅरेज आणि गृहखात्याची परवानगी, दोन्ही नाही), त्यामुळे दुसऱ्यांच्या गाड्यांवर मतं ठोकायला मी मोकळा! तर मत असं आहे, आणि ते या घोळक्यांत फारसं लोकप्रिय नाही: रस्त्यावर चालवायच्या जुन्या गाडीत क्विक रॅक टाकल्यावर जो फरक जाणवतो, त्याचं बरंचसं श्रेय रॅक 'नवा' असण्याला असतं. 'क्विक' असण्याच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं, आणि त्या थोडक्यासाठी आपण जे मोजतो ते बहुतेकांनी धड मोजलेलंच नसतं.

आता ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. सायकलचं हँडल दहा अंश वळवलं की पुढचं चाक दहा अंश वळतं. ऑटोरिक्षाचंही तेच. हिशेब सरळ एकास एक. मोटारीत हे चालत नाही, कारण दोन चाकांवर तीन-चारशे किलो वजन असताना ती एकास एक वळवायची तर दंडात हत्तीचं बळ हवं. म्हणून मध्ये गिअर घालतात. स्टिअरिंग १७ अंश फिरवा, चाक १ अंश वळेल. हा झाला १७:१ चा स्टिअरिंग रेशो. आकडा लहान, तर स्टिअरिंग 'क्विक'. आकडा मोठा, तर 'स्लो'.

रॅक अँड पिनियनमध्ये हा आकडा येतो कुठून, ते वहीच्या मागच्या पानावर काढता येतं. स्टिअरिंगच्या दांड्याला शेवटी एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका दातेरी दांड्याला, म्हणजे रॅकला, डावी-उजवीकडे सरकवतं. रॅकची टोकं टाय रॉडमधून चाकाच्या स्टिअरिंग आर्मला जोडलेली असतात. समजा पिनियनच्या एका फेरीत रॅक ४५ मिमी सरकतो आणि आर्म १२० मिमी लांब आहे. ४५ भागिले १२० म्हणजे ०.३७५ रेडियन, साधारण साडेएकवीस अंश. ३६० भागिले साडेएकवीस, उत्तर १६.७. झाला रेशो. आता पिनियनला दाते वाढवून तोच रॅक एका फेरीत ५५ मिमी सरकवला, की रेशो १३.७ वर येतो. क्विक रॅक म्हणजे एवढंच. जादू वगैरे काही नाही, एक वेगळं दातेरी चाक आणि त्याला जुळणारा दांडा.

पण गप्पांमध्ये रेशो कोणी बोलत नाही. बोलतात 'फेऱ्या'. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेऱ्या फिरतं, ते लॉक टू लॉक. साडेतीन म्हणजे म्हातारी गाडी, अडीच म्हणजे मर्दानी गाडी, असा काहीसा समज. माझा पहिला आक्षेप इथेच आहे. फेऱ्यांचा आकडा रेशो सांगत नाही, कारण चाक किती वळतं हे त्यात लपलेलं असतं.

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२ ते १९८०). लॉक टू लॉक पावणेचारच्या आसपास. आकडा बघून वाटेल, ट्रक आहे की काय! पण ही गाडी अवघ्या २४ फुटांच्या वर्तुळात वळते. तिची पुढची चाकं इतकी वळतात की चाक निखळलं की काय असं बघणाऱ्याला वाटावं. एवढा कोन पावणेचार फेऱ्यांत वाटला गेल्यावर प्रत्येक फेरीच्या वाट्याला भरपूर वळण येतं. उलट एखाद्या गाडीची चाकं कमीच वळू दिली, तर फेऱ्या आपोआप कमी भरतात आणि रेशो मात्र तोच राहतो. म्हणजे गाडी गल्लीत वळवायला तीन वेळा मागे-पुढे करा आणि वर 'क्विक' म्हणून मिरवा.

(जाता जाता: स्पिटफायरची चासी ट्रायम्फ हेराल्डवरून आली, आणि हेराल्ड म्हणजे आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला बनत होती ती स्टँडर्ड हेराल्ड. कोणाच्या आजोबांकडे असेल तर विचारा, ती गाडी किती जागेत वळायची ते. याच कुळातला रॅक पुढे कुठे जाऊन बसला, ते खाली सांगतो.)

आता मुख्य मुद्दा. लोक "स्टिअरिंग सुस्त आहे" म्हणतात तेव्हा त्यांना तीनपैकी एक गोष्ट म्हणायची असते, आणि कोणती ते त्यांना स्वतःलाच बऱ्याचदा ठाऊक नसतं. आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. माउस हलवल्यावर कर्सर स्क्रीनवर किती लांब जातो ही झाली सेन्सिटिव्हिटी. हलवल्यावर किती वेळानं हलतो, तो झाला लॅग. आणि माउसची चकती घासून ढिली झालीय म्हणून पहिले दोन मिलिमीटर काहीच होत नाही, तो तिसराच आजार. आता लॅग असलेल्या माउसची सेन्सिटिव्हिटी वाढवली तर काय होतं? कर्सर तितकाच उशिरा निघतो आणि मग लक्ष्याच्या पुढे निघून जातो. मदतीसाठी फोन करणाऱ्याला मात्र पहिला तासभर वाटतं की माउस एकदम फास्ट झाला.

जुन्या गाडीत लॅग येतो टायरच्या बाजूच्या भिंती लवचिक असतात म्हणून, सस्पेन्शनचे रबरी बुश मऊ पडलेले असतात म्हणून. ढिलाई येते टाय रॉडच्या टोकांमधून आणि रॅकच्या आतल्या बॉल जॉइंटमधून. मेकॅनिक ज्याला 'प्ले' म्हणतात ती. आणि इथे एक गंमत आहे जी मला कोणी सांगितली नव्हती, कागदावर मांडल्यावर दिसली. चाकापाशी असलेला प्ले स्टिअरिंगपर्यंत येताना रेशोनं गुणला जातो. समजा चाकापाशी अर्ध्या अंशाची ढिलाई आहे. १६.७ च्या रॅकला ती हातात आठ अंशांहून जास्त जाणवते. स्टिअरिंग आठ अंश हलवा, गाडी ढिम्म. १३.७ चा रॅक टाकला की तीच ढिलाई सात अंशांच्या जरा आत येते. म्हणजे काहीही दुरुस्त न करता आजार कमी झाल्यासारखा वाटतो! आता जुनाच रेशो ठेवून फक्त ढिलाई ०.१ अंशावर आणली, तर हातात जाणवते १.७ अंश. आठवरून सात, की आठवरून पावणेदोन? तुम्हीच सांगा.

आणि क्विक रॅक टाकणारा माणूस काय करतो? पन्नास वर्षं झिजलेला रॅक काढतो आणि कोरा करकरीत रॅक बसवतो. त्याच खेपेला नवे टाय रॉड एंड बसतात, नवं ग्रीस भरलं जातं, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच व्हील अलाइनमेंट होते. मग पहिल्या चकरेला निघतो आणि घरी येऊन सांगतो, "रेशोनं कमाल केली!" अरे बाबा, एका रिलीजमध्ये पाच बदल ढकललेस आणि सुधारणेचं श्रेय तुला आवडलेल्या एकाला दिलंस. हे हापिसात कोणी केलं तर आपण त्याला रिव्ह्यूत सोलून काढतो.

मूळ रेशोचा नवा रॅक बसवून, बुश बदलून, टायरच्या बांध्यावरचं साल बघून (दहा-बारा वर्षांचे चकचकीत टायर, नक्षी पूर्ण शिल्लक आणि रबर दगडासारखं, हा इकडचा राष्ट्रीय आजार आहे) गाडी चालवलेली माणसं मला फार कमी भेटली. जी भेटली त्यांतल्या कोणीच नंतर क्विक रॅक घेतला नाही. माझ्या ओळखीतली ही चारदोन माणसं, पुरावा म्हणून फारसा टिकणार नाही. पण नोंद करून ठेवतो.

आता किंमत. पैशांची नव्हे, ती तर आहेच. गिअर हे फुकटात काही देत नाहीत. रेशो १६.७ वरून १३.७ वर आला की हाताला लागणारा जोर २२ टक्क्यांनी वाढतो. क्विक रॅकसोबत हौशी लोक छोटं, चामड्याचं, तीन आऱ्यांचं स्टिअरिंग बसवतात. मूळचं ४०० मिमीचं समजा, नवं ३५०. त्यानं आणखी १४ टक्के. आणि हे आकडे बेरजेनं वाढत नाहीत, गुणाकारानं वाढतात. मिळून जवळपास ४० टक्के. वर रुंद टायर आलेच, त्यांचा हिशेब वेगळा. पॉवर स्टिअरिंग नाही. आता ही गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, दोन अवाढव्य एसयूव्हींच्या मध्ये, उभ्या जागी वळवून दाखवा.

हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, म्हणून एक खरा किस्सा सांगतो. एका सहकाऱ्याच्या घरी एमजीबी आहे, सत्तरच्या दशकातली, क्रोम बंपरवाली. गाडी खरी त्याच्या वडिलांची. त्यांनी उमेदीच्या वयात घेतली, विकायचे प्रसंग आले तरी विकली नाही. आज ते पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. मुलानं हौसेनं, त्यांच्याच वाढदिवसाच्या निमित्तानं, सगळा सरंजाम केला: क्विक रॅक, छोटं स्टिअरिंग, १८५ चे टायर. वडील एक चक्कर मारून आले, छान झालीय म्हणाले, किल्ली खुंटीला लावली. त्यानंतर ते त्या गाडीत डाव्या सीटवर बसतात. (इथे गाडी आपल्यासारखीच उजवीकडून चालवतात, तेव्हा डावी सीट म्हणजे काय ते लक्षात आलं असेल.) मुलगा मला सांगत होता, "डॅडना आता गाडी झेपत नाही, वय झालं." मी त्याला वहीतला हिशेब काढून दाखवला. चाळीस टक्के. आदल्या आठवड्यापर्यंत तेच हात तीच गाडी पार्क करत होते की! तो बराच वेळ काही बोलला नाही. जुना रॅक परत बसवू म्हटलं, तर तो दुकानदाराला 'एक्सचेंज'मध्ये देऊन टाकलेला. म्हणजे नवा घेताना जुना परत केला की अनामत रक्कम मिळते, ती याने घेतली होती. आता तो रिकंडिशन्ड मूळ रॅक शोधतोय. मिळेल, एमजीबीचं सगळं मिळतं. पण वडिलांना "गाडी चालवायला या" म्हणून परत बोलवायचं कसं, त्याला कुठल्या दुकानात सुटा भाग मिळत नाही.

बरं, हे गाडी बनवणाऱ्यांना कळत नव्हतं का? चांगलंच कळत होतं. त्याच एमजीबीचं बघा. १९६२ ला आली तेव्हापासून लॉक टू लॉक तीनच्या जरा आत. म्हणजे मुळातच ती काही सुस्त नव्हती. १९७७ च्या मॉडेलला कारखान्यानं स्टिअरिंगचं चाक लहान केलं, आणि त्याच वेळी रॅक 'स्लो' केला, साडेतीनच्या आसपास. एका हातानं लिव्हर कमी केली म्हणून दुसऱ्या हातानं गिअर वाढवला. हौशी मंडळी चाक लहान करतात आणि गिअरही कमी करतात. दोन्ही हात एकाच दिशेला.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. १९६३ ची शेव्हरले कॉर्व्हेट. तिच्या स्टिअरिंग आर्मला कारखान्यातूनच दोन भोकं दिलेली असायची. टाय रॉड मागच्या भोकात लावला तर लॉक टू लॉक ३.४, पुढच्या, म्हणजे आर्म आखूड करणाऱ्या भोकात लावला तर २.९. नटबोल्ट सोडायचे, भोक बदलायचं, अलाइनमेंट करायची. नवीन सुटा भाग शून्य! मला ही कल्पना भयंकर आवडते. कॉन्फिग फाइल म्हणतात ती हीच. पण महत्त्वाचं काय, तर पॉवर स्टिअरिंग घेतलेल्या गाड्या कारखान्यातून 'फास्ट' भोकात यायच्या आणि साध्या गाड्या 'स्लो' भोकात.

तिसरं, माझदाची पहिली एमएक्स-५, १९८९. ही गाडी तर मुद्दाम जुन्या ब्रिटिश रोडस्टरच्या आठवणीत बनवलेली. तिला दोन रॅक होते. साधा साधारण १८:१, पॉवरवाला साधारण १५:१. तीच गाडी, तेच इंजिनिअर, तोच रस्ता. जिथे पंप काम करणार तिथे क्विक, जिथे माणूस काम करणार तिथे स्लो. आता हौशी मंडळींनी काय करावं? "फील हवा" म्हणून पॉवर रॅकचा पंप आणि पाइप काढून टाकायचे आणि तो १५:१ चा रॅक तसाच हातानं चालवायचा. त्यात पॉवर रॅकच्या पिनियनमध्ये एक पीळ खाणारी बारीक सळई असते. तुम्ही किती जोर लावताय हे तिच्या पिळावरून ओळखून व्हॉल्व्ह उघडतो. पंप गेला तरी सळई पीळ खातच राहते, ती वेल्ड करून पक्की केली नाही तर. फील हवा म्हणून स्टिअरिंगमध्ये स्प्रिंग बसवून घेतली असं झालं की हे!

मग अडीच फेऱ्यांचं हे खूळ आलं कुठून? माझ्या मते रॅलीतून. फोर्ड एस्कॉर्ट, मार्क वन आणि मार्क टू. १९७० ची लंडन ते मेक्सिको रॅली हानू मिक्कोलानं एस्कॉर्टमध्ये जिंकली, १९७२ ची आरएसी रॅली रॉजर क्लार्कनं. त्या गाड्यांची चित्रफीत बघाल तर गाडीचं तोंड एका बाजूला, पुढची चाकं दुसऱ्या बाजूला, आणि धूळ तिसऱ्याच बाजूला. जंगलातल्या खडीवर मागची बाजू घसरणार हे गृहीत धरूनच चालवायचं, आणि घसरली की चाकं क्षणात उलट दिशेला पूर्ण वळवायची. तिथे साडेतीन फेऱ्या म्हणजे हात एकमेकांत गुंतून बसणार. म्हणून क्विक रॅक. अत्यंत योग्य. शिवाय खडीवर टायर घासून वळत नाही, सरकत वळतं, त्यामुळे जोरही कमी लागतो. ज्याला खडीवर एस्कॉर्ट चालवायचीय, किंवा मैदानात सुळे लावून ऑटोटेस्ट करायचीय, त्यानं बेलाशक टाकावा. माझा वाद रविवारी सकाळी वीस मैल जाऊन चहा पिऊन येणाऱ्यांशी आहे, आणि त्यातले बहुतेक तेच आहेत.

अशा माणसाला क्विक रॅक कुठे भेटतो? हमरस्त्यावर. पुन्हा वही काढू. एमजीबीचा व्हीलबेस २.३१ मीटर. ताशी १०० किमी वेगाला स्टिअरिंग १० अंश हलवलं, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या भाषेत दोन मिनिटांहूनही कमी, तर १६.७ च्या रॅकला गाडी सुमारे २२० मीटर त्रिज्येच्या वळणावर निघते. बाजूला ओढणारा जोर ०.३६ जी. १३.७ च्या रॅकला तेच १० अंश १८० मीटरचं वळण आणि ०.४३ जी. (टायरची घसरण मी सोडून दिलीय, प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी येतील, पण त्यांच्यातलं प्रमाण साधारण तेच राहील.) म्हणजे शिंक आली, बाजूनं ट्रकचा वारा आला, मागे वळून मुलांवर ओरडलात, तर गाडी आधीपेक्षा पाऊण पट नव्हे, सव्वा पट दचकते. आधीच हलकी, जुनी, एअरबॅग नसलेली गाडी. सरळ रस्त्यावर सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत राहणं हा दोन तासांनी खांद्यांत जाणवणारा प्रकार आहे, आणि तो चाचणीच्या पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही. पहिल्या दहा मिनिटांत "वा, गो-कार्ट!" एवढंच कळतं.

"पण फीलचं काय?" हा प्रश्न येणारच. खरं आहे, रेशो कमी केला की चाकाकडून परत येणारा जोरही वाढून येतो. रस्ता मोठ्या आवाजात बोलू लागतो. पण खड्ड्याचे दणकेही तेवढ्याच पटीनं वाढतात. आणि स्टिअरिंगमधून खरी बातमी कळते ती जोराच्या 'बदला'तून. टायर पकड सोडण्याच्या जरा आधी स्टिअरिंग हलकं पडू लागतं, ती खरी बातमी. मनगटं आधीच ताणलेली असताना हा बारीक हलकेपणा जास्त कळेल की कमी? रेडिओ मोठा केला म्हणून निवेदकाचे उच्चार सुधारत नाहीत. एमजीबीला मुळात ७ अंशांच्या आसपास कॅस्टर असतो, तो स्टिअरिंगला सरळ ठेवायला मदत करतो आणि जडही करतो. पाचर टाकून हा कोन जरा कमी करणारे लोक आहेत, त्यानं स्टिअरिंग हलकं आणि मोकळं होतं. काम स्वस्त आणि उलटवता येण्यासारखं. पण 'कॅस्टरची पाचर' असं गप्पांत सांगायला काही भारी वाटत नाही, हा तिचा दोष.

फीलची गोष्ट निघाली की लोटस एलान आली पाहिजे, नाहीतर लोक मारतील. १९६२ ची, कॉलिन चॅपमनची. गॉर्डन मरे, ज्यानं मॅक्लारेन एफ-१ बनवली, त्यानं म्हटलंय की एलानसारखं स्टिअरिंग आपल्याला त्या गाडीला देता आलं नाही. एलानचं लॉक टू लॉक अडीचच्या आसपास. बघा, क्विकच आहे! मग? मग असं की गाडीचं वजन ७०० किलोच्या आतबाहेर, आणि टायर किती रुंद, तर आपल्या मारुती ८०० ला असायचे साधारण तेवढे. पुढच्या चाकांवर वजनच नाही तर जोर कशाला लागेल. चॅपमननं आधी वजन काढलं, मग रेशो कमी करायची चैन त्याला परवडली. आणि तो रॅक कुठला? ट्रायम्फचा, हेराल्डच्या कुळातला. मद्रासच्या गाडीचा चुलतभाऊ जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या स्टिअरिंगमध्ये बसलाय. तो रॅक काढून एमजीबीत बसवला तर एमजीबीची एलान होईल का? ती नऊशे किलोंच्या वरची, लोखंडी इंजिनाची गाडी आहे.

दुसऱ्या टोकाला सिट्रोएन एसएम, १९७०. लॉक टू लॉक फक्त दोन फेऱ्या, आणि तरी हमरस्त्यावर रुळावरून चालल्यासारखी जायची. कारण तिचं स्टिअरिंग पूर्ण हायड्रॉलिक होतं. वेग वाढला की ते आपोआप जड व्हायचं, सोडलं की इंजिन चालू असेल तर उभ्या गाडीतही स्वतःहून सरळ व्हायचं. रस्त्याकडून हातात येणारी बातमी मात्र जवळजवळ शून्य. सिट्रोएनला दोन फेऱ्या हव्या होत्या, त्यासाठी तिनं अख्खी नवी यंत्रणा उभारली. आपण दोन-चारशे पौंडांत पिनियन बदलून तेच मागतो.

आणखी एक गोष्ट, जी पटकन सांगतो पण गंभीर आहे. मूळ रॅकच्या जागेवर जशाच्या तशा बसणाऱ्या किटचं एक वेळ ठीक. पण दुसऱ्या गाडीचा क्विक रॅक कापून-जोडून बसवणारे शूर लोकही आहेत. रॅकच्या टोकांचे बॉल जॉइंट एकमेकांपासून किती अंतरावर आणि जमिनीपासून किती उंचीवर, हे सस्पेन्शनच्या आर्मशी जुळवलेलं असतं. ते चुकलं की चाक खड्ड्यात खाली-वर होताना आपोआप वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात, आणि ओल्या वळणावर मध्येच खड्डा आला की ते काय चीज आहे ते कळतं. एमजीबीत तर मूळ रॅकसुद्धा स्टिअरिंगच्या दांड्याशी रेषेत आणण्यासाठी पातळ पत्र्याच्या शिम घालून बसवावा लागतो, नाहीतर सांधा अडकतो. किती जण बघतात? इंग्लंडात २०१८ पासून चाळीस वर्षांपुढच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे तुम्ही काय जोडलंय ते दुसऱ्या जोडी डोळ्यांनी कोणी बघेलच असं नाही. आणि विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर त्यांचे डोळे फार बारकाईनं बघतात.

एवढं सगळं वाचूनही ज्याला हवाच आहे, त्यानं निदान क्रम तरी नीट ठेवावा. आधी टायर आणि हवा. मग टाय रॉड एंड, बुश, अलाइनमेंट. मग मूळ रेशोचा घट्ट रॅक. यानंतर महिनाभर चालवा. तरीही हात गुंतत असतील तर क्विक रॅक घ्या आणि स्टिअरिंगचं चाक मोठंच ठेवा. दोन्हीपैकी एक. आजकाल जुन्या गाड्यांच्या दांड्यावर बसणारी छोटी इलेक्ट्रिक मोटर मिळते, डॅशबोर्डखाली लपते. शुद्धतावादी नाकं मुरडतील, पण क्विक रॅकसोबत तीच एक प्रामाणिक जोडी आहे असं मला वाटतं. आणि काढलेला मूळ रॅक काही झालं तरी दुकानदाराला देऊ नका. अनामत बुडाली तर बुडू दे. तेल लावा, जुन्या चादरीत गुंडाळा आणि पलंगाखाली सरकवून द्या. आरामात मावतो. घरातून विचारणा झाली तर जबाबदारी तुमची.